तेरावा गडी

इसोकोच्या पायाला भिंगरी आहे, हे आमच्या सफरचंदांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती जेवायची उभ्यानं, चहा प्यायची चालता चालता. गावच्या गरम पाण्याच्या कुंडात बाकीच्या बायका गळ्यापर्यंत बुडून एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत बसल्या, की ही पाठ भिजते न भिजते तोच बाहेर. समुद्रकाठच्या कोळ्याची पोर. लग्न होऊन इवाकि डोंगराच्या पायथ्याशी आली, तेव्हा सासरच्यांना वाटलं होतं, चारदोन हिवाळे गेले की बसेल. छपराला टेकणारं बर्फ भल्याभल्यांना घरी बसवतं. चाळीस हिवाळे गेले, पण इसोको काही बसली नाही.

थंडीत बागा झोपल्या की आमच्याकडे सफरचंदाच्या झाडांची छाटणी निघते. हे काम पुरुषांचं, आणि त्यातही मिजाशीचं. कुठली फांदी ठेवायची आणि कुठली उडवायची यावर दोन म्हातारे अख्खी दुपार भांडू शकतात. इसोको तीन पायांची शिडी खांद्यावर टाकून बर्फातून यायची, करवत काढायची, आणि त्यांचं भांडण रंगायच्या आत झाड मोकळं करून पुढच्या झाडाकडे गेलेली असायची. तिचा नवरा गेनजिरो म्हणायचा, "ही झाडं छाटत नाही, झाडांना धाक दाखवते."

गेनजिरो लाकूडतोड्या होता. सबंध दिवसात चार वाक्यं बोलायचा आणि त्यातलं एक हवेबद्दल असायचं. डोंगराचे सगळे नेम मात्र तो काटेकोर पाळायचा. त्यातला पहिला नेम म्हणजे बारा जणांनी मिळून डोंगरात शिरायचं नाही. कुणी सांगतं, डोंगराच्या देवीला बारा लेकरं आहेत, बारा माणसं दिसली की तिला ती आपलीच वाटतात आणि ती ठेवून घेते. कुणी सांगतं, बारा हा तिचा आकडा, दुसऱ्यानं वापरलेला तिला खपत नाही. कारणं काहीही असोत, टोळीत बारा गडी भरले तर लाकडाचा एक बाहुला करायचा, त्याला सान्सुके म्हणायचं, आणि तेरावा गडी म्हणून बरोबर न्यायचा. हजेरीत त्याचं नाव पुकारायचं. दुपारी शिदोरी सोडली की पहिला घास त्याच्यापुढे ठेवायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात इसोको हे बघून खदाखदा हसली होती. लाकडाच्या ठोकळ्याला जेवायला वाढणारे बाप्ये तिनं उभ्या जन्मात पाहिले नव्हते. जन्मात कुणावर न ओरडलेला गेनजिरो तेवढा एकदा तिच्यावर ओरडला. पुढे ती हसली नाही, पण तिनं मानलंही नाही. मानायला लागली ती तो गेल्यावर. आणि तो काही डोंगरात मेला नाही. खाली शहरातल्या इस्पितळात, पोटाच्या दुखण्यानं, खिडकीतून डोंगर दिसत नाही म्हणून कुरकुरत गेला. मागे राहिला तो त्याच्या हातचा सान्सुके, वीतभर उंचीचा, धुरानं काळा पडलेला. खरं सांगायचं तर इसोकोची श्रद्धा देवीवर नव्हती, गेनजिरोवर होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा शुहेई. टोकियोत काही वर्षं नोकरी करून कंटाळून परत आला आणि हिवाळ्यात शहरी लोकांना स्कीवरून डोंगरावर न्यायचा धंदा त्यानं काढला. तोही आईसारखाच एका जागी न टिकणारा. एका घरात दोन भिंगऱ्या, त्यामुळे टक्कर व्हायचीच. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी संध्याकाळी इसोको दुसऱ्या दिवशीच्या मंडळींसाठी भाताचे गोळे वळत होती, तेव्हा शुहेईनं सांगितलं, "आई, एक गोळा कमी कर. एकाला ताप आलाय, तो लॉजवरच झोपून राहणार आहे."

इसोकोचे हात थांबले. "म्हणजे किती राहिले?"

"दहा गिऱ्हाइकं, मी आणि दाइगो."

दाइगो म्हणजे गावातलं बर्फ काढायचं यंत्र चालवणारा शुहेईचा मित्र. सुट्टीच्या दिवशी तो मदतनीस म्हणून शुहेईच्या हाताखाली जायचा.

"म्हणजे बारा."

"आई, सुरू नको करूस."

"मी कुठं काय म्हटलं? नुसती बेरीज केली."

"तुझ्या बेरजेला दर वेळी बाहुला चिकटतो. मला शहरातली माणसं न्यायची असतात. त्यांच्यासमोर बाहुल्याला भात भरवत बसू?"

इसोको गप्प बसली, म्हणजे तोंडानं. शुहेई झोपल्यावर तिनं सान्सुकेला पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या पाठपिशवीत तळाशी सरकवलं. सकाळी उजाडायच्या आत शुहेई निघून गेला. ती दारातलं बर्फ उपसायला गेली, तर जोड्यांच्या कपाटावर सान्सुके उभा. तोंड भिंतीकडे.

मग तिची जी घालमेल सुरू झाली ती काही विचारू नका. तिनं फोन लावला, पण डोंगराच्या त्या अंगाला रेंज नसते. तिनं दारातलं बर्फ उपसलं, शेजाऱ्यांच्या दारातलं उपसलं, परत आली, बाहुल्याकडे पाहिलं, पुन्हा बाहेर गेली. स्टोव्हशेजारच्या कोपऱ्यातून हे सगळं ताकेआजी बघत होती. ही इसोकोची सासू. नव्वदी ओलांडलेली, जागची हलत नसे, पण जिभेला अजून धार होती.

"किती येरझारा घालशील? त्या बाहुल्याला पाय फुटणारेत का?"

"आजी, शुहेई ह्याला न्यायचा विसरला."

"विसरला नाही, ठेवून गेला. मी बघत होते. भिंतीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे बघायची त्यालाही लाज वाटली."

"बारा जण गेलेत, आजी."

"मी काय बहिरी आहे? ऐकलं काल."

"मी देऊन येते. रान संपेपर्यंत त्यांना गाठते. वरच्या उघड्या चढाला लागायच्या आत त्याच्या हातात दिला की झालं."

"तू? बाईमाणूस? खुळी का काय?" आजीनं स्टोव्हवर पसरलेले हात मागे घेतले. "ती बया आधीच बारा बघून फणफणली असेल, त्यात तू जाऊन तोंड दाखव. तिला बाई चालत नाही. जरा बरी दिसली तर जळते."

"मग काळजीच नको. चाळीस वर्षं तुम्हीच सांगताय, माझ्यात बघण्यासारखं काही नाही."

आजी खुसखुसली. मग म्हणाली, "गेनजिरोची टोपी घालून जा. लांबून बाप्या वाटशील."

इसोकोनं टोपी घातली, वर निळ्या चौकड्यांचा रुमाल बांधला, कमरेला छाटणीची करवत लटकवली. सान्सुकेला जाकिटाच्या आत छातीशी बांधलं, तान्ह्या पोराला बांधतात तसं. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली वेलीच्या गोल कांजिकी बांधल्या आणि बागेच्या मागच्या बाजूनं ती डोंगराला लागली.

सफरचंदाच्या बागा संपल्या की बुना वृक्षांचं रान लागतं. डोंगराच्या पोटाला चहूकडून वेढा घालून बसलेलं, पानं झडलेलं, करड्या खोडांचं. रानाच्या सुरुवातीला लाकूडतोड्यांचा जुना रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर एका थोरल्या झाडाला गवताचा दोर गुंडाळलेला आहे. लग्न झाल्यावर इसोको ह्या झाडापर्यंत लाकूडतोड्यांना चहा घेऊन यायची. दोराच्या पलीकडे बायका जात नसत. आता ओठ रंगवलेल्या शहरी पोरी खिदळत पलीकडे जातात आणि संध्याकाळी सुखरूप परत येतात, हे इसोकोलाही दिसत होतं. पण ती स्वतः कधी गेली नव्हती. दोरापाशी येऊन तिचे पाय थबकले, आणि इसोकोचे पाय थबकणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

तिनं हात जोडले. "हे बघ बाई, मी नाही चाललेय. हा चाललाय. मी नुसती ह्याची हमाल."

असं म्हणून ती दोराखालून वाकून गेली.

थोडं वर गेल्यावर डावीकडून स्कीच्या खुणा आल्या. एकामागून एक गेलेल्या माणसांची बर्फात खोलवर दाबलेली वाट. स्कीवाले नागमोडी चढतात. इसोको त्यांच्या वळणांना छेद देत नाकासमोर सरळ चढत राहिली. चढ आधी नुसता दमवणारा होता, मग छातीवर आला. वरचं बर्फ रात्रीच्या गारठ्यानं कडक झालं होतं, प्रत्येक पावलाला टाच मारून पायरी करावी लागत होती. पाय सरळ वर सरकत होते, मन मात्र येरझारा घालत होतं. वारा सुटला तर? वरून बर्फ घसरलं तर? शुहेई लहानपणी जिन्यावरून पडला होता, तो डाव्या पायावर जोर देत नाही, हे त्या दाइगोला माहीत आहे का? रानात सगळं शांत होतं, नि त्या शांततेनं तिचा जीव आणखीच वर-खाली होत होता. मधूनच ती छातीवर हात ठेवून बघायची, गडी जागेवर आहे ना.

झाडं हळूहळू बुटकी होत गेली. बुना संपले, बर्फानं वाकलेले भूर्ज लागले, मधे मधे हिरव्या सूचिवृक्षांचे झुबके. आणि रानाच्या शेवटच्या झाडापाशी पोचली तर वारा तोंडावर येऊन आदळला. तिथून वर झाड नाही की झुडूप नाही, नुसता पांढरा उभा सुळका, शंकूसारखा, पार ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत. स्कीच्या खुणा तिथंच संपल्या होत्या. संपल्या म्हणजे वाऱ्यानं पुसून टाकल्या होत्या. तिला उशीर झाला होता. मंडळी रान सोडून वर गेली होती.

ढग जरा फाटला आणि लांब वर उतारावर काळे ठिपके दिसले. इसोकोच्या जिवात जीव आला. तिनं मोजले. अकरा. डोळे पुसून पुन्हा मोजले, या वेळी बोट दाखवत, छाटलेल्या फांद्या मोजाव्या तसे. अकराच. ढग मिटला.

"बारावा कुठंय?" ती मोठ्यांदा म्हणाली. छातीवरचा सान्सुके काही बोलला नाही.

तेवढ्यात शीळ ऐकू आली. बारीक, चिरकी, खालच्या घळीतून. डोंगरात शीळ घालायची नाही हा दुसरा नेम. शिळेनं वारा येतो म्हणतात. इसोकोचं टाळकं सटकलं. "कोण शीळ घालतंय रे? आधी बंद कर!"

"आधी मला बाहेर काढा!" घळीतून आवाज आला. "मग बंद करतो!"

सूचिवृक्षाच्या बुंध्याभोवती फांद्यांमुळे बर्फ भरत नाही, आत विहिरीसारखी पोकळी राहते आणि वरून काही कळत नाही. अशा एका पोकळीत छातीपर्यंत रुतलेला एक गोरागोमटा गृहस्थ प्लास्टिकची शिट्टी दातांत धरून बसला होता. एक स्की खाली फांद्यांत अडकलेली, दुसरीचा पत्ता नाही, ओठ जांभळे. इसोकोनं करवत काढली. फांद्या छाटणं तर तिच्या हातचा मळ होता. खालच्या फांद्या सपासप उडवून तिनं त्याची स्की सोडवली, मग त्याची कॉलर धरून त्याला मुळ्यासारखा उपटून वर काढला.

त्याचं नाव निशिवाकि. योकोहामात चष्म्यांचं दुकान होतं. दात वाजत असताना त्यानं सांगितलं ते असं, की रान संपता संपता त्याला दम लागला. शुहेई म्हणाला, आपल्याच खुणांवरून खाली जा, जरा वेळात गाडी दिसेल. "खुणा होत्या हो," निशिवाकि म्हणाला. "मग वारा आला. मग नव्हत्या. बाई, तुम्ही त्यांच्या बचाव पथकातल्या का?"

"मी त्याची आई."

"अरे वा. ते म्हणाले नव्हते, आई पण येणार आहे."

इसोकोच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण तो ह्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. माणूस एकटा सोडला! गेनजिरोनं कुत्रंसुद्धा डोंगरात एकटं सोडलं नसतं. तिनं निशिवाकिच्या हातात भाताचा गोळा कोंबला आणि वर बघितलं. वर काही दिसत नव्हतं. वारा वाढत होता. आता दोनच गोष्टी होत्या. बाहुला घेऊन पोरामागे वर जायचं, नाहीतर ह्या थरथरत्या चष्मेवाल्याला खाली न्यायचं. दोन्ही होणार नव्हतं. तिनं हिशोबही करून पाहिला. वर अकरा, हा धरून बारा, आपण धरलं तर तेरा. मग भीती कसली? पण बाई मोजायची की नाही, हे गेनजिरोला तिनं कधी विचारलंच नव्हतं. पाय वरच ओढत होते, वर जा, वर जा. आणि निशिवाकि गोळा खाता खाता रडायला लागला होता.

शेवटी तिनं सान्सुकेला जाकिटातून काढलं. रानाच्या अगदी वरच्या टोकाला, मंडळी परत उतरताना जिथून जाणार तिथल्या भूर्जाच्या बेचक्यात त्याला बसवला, तोंड शिखराकडे करून. वाऱ्यानं उडू नये म्हणून आपला निळा रुमाल सोडून त्याला घट्ट बांधला. पुढ्यात एक भाताचा गोळा ठेवला.

"इथं बस," ती म्हणाली. "सगळ्यांना मोजून खाली पाठव. माझ्या पोराला आधी."

निशिवाकिला तिनं स्कीच्या वाटेनं नेलंच नाही. पडताना मुरगळलेल्या त्याच्या गुडघ्याला तो उतार झेपला नसता. लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्यानं, धरत, ढकलत, कधी बुडावर बसवून घसरवत तिनं त्याला बागेपर्यंत आणला. घरी आल्यावर बारीक चिरलेल्या भाज्यांचा कढत रस्सा त्याच्यापुढे ठेवला. ताकेआजीनं त्याला आपल्या गोधडीचा अर्धा भाग दिला, आणि हा मान तिनं पोटच्या लेकालाही कधी दिला नव्हता.

"मंडळी उतरतीलच आता," इसोको म्हणाली. "तो बसलाय तिथं." आणि ती बसली. खरोखर बसली, गोधडीत पाय घालून, हातात चहा घेऊन. आजी तिच्याकडे बघतच राहिली.

चहा अजून गरम होता तेव्हा दार वाजलं. दाइगो होता. मागे रस्त्यावर गाडी, गाडीत दमलेली गिऱ्हाइकं. गाडीपाशी न पोचलेला निशिवाकि गोधडीत दिसला तेव्हा त्यानं हुश्श केलं, पण इसोकोला बघितलं आणि दाइगोच्या तोंडचं पाणी पळालं.

"काकू... तुम्ही घरात?"

"मग कुठं असायला पाहिजे?"

"शुहेई तुम्हाला शोधायला परत गेलाय."

तो भराभर सांगायला लागला. उतरताना रान लागलं आणि भूर्जाच्या बेचक्यात सान्सुके दिसला, तुमच्या रुमालात बांधलेला. आजूबाजूला पाऊल नाही, काही नाही, सगळं पुसलेलं. शुहेई पांढराफटक पडला. म्हणाला, हा सकाळी घरी होता, म्हणजे आई वर आली होती, मग आई कुठंय? मला म्हणाला, तू सगळ्यांना खाली ने. आणि तुमच्या नावानं हाका मारत घळीत उतरला. "मी थांबवत होतो, काकू. ऐकतो का तो?"

इसोकोनं चहा खाली ठेवला. सगळ्यांना सुखरूप खाली पाठव म्हणून तिनं बाहुला बसवला होता, आणि त्यानं सगळ्यांना पाठवलं, फक्त तिचा पोरगा ठेवून घेतला. नाही, बाहुल्यानं नाही. तिनंच. ती उठली, टोपी शोधायला लागली, एक कांजिकी सापडेना, दुसरी उलटी बांधली.

"खाली बस!" आजी इतक्या जोरात ओरडली की निशिवाकिच्या हातातली रश्शाची वाटी हिंदकळली. "तू त्याला शोधत वर जाणार, तो तुला शोधत खाली येणार. दोघं असेच एकमेकांना शोधत फिरलात तर बर्फ वितळल्यावर सापडाल. तो तुला शोधतोय ना? मग एका जागी उभी राहा. त्याला दिसशील अशी. जन्मात एकदा एका जागी राहा!"

दाइगोनं बर्फ काढायचं यंत्र काढलं आणि स्कीच्या वाटेच्या तोंडाशी नेऊन पिवळे दिवे लावून भोंगा वाजवत बसला. दुसरी वाट जुन्या रस्त्याची, ती इसोकोच्या बागेत उतरते. बागेच्या वरच्या टोकाला छाटलेल्या फांद्यांचा ढीग होता. इसोकोनं त्यावर रॉकेल ओतलं आणि पेटवला. सफरचंदाचं ओलं लाकूड आधी नुसतं धुमसलं, मग जाळ वर आला. दिवस मावळायला टेकला होता, बर्फ निळं पडायला लागलं होतं. जाळ दूरवर दिसला असता. पण जाळ बघून तो थांबणार नाही हे तिला कळत होतं. त्याला जाळ नको होता, आई हवी होती. तिनं तीन पायांची शिडी आणून जाळाशेजारी रोवली, सगळ्यात वरच्या पायरीवर चढली, आणि उभी राहिली.

त्या उभं राहण्याबद्दल ती पुढे कधीच कुणाशी बोलली नाही. पण बघणाऱ्यांनी बघितलं. इसोको, जी एका झाडापाशी टिकत नव्हती, ती शिडीवर खांबासारखी उभी होती. हलली असती तर वरून ती ओळखू आली नसती, जाळाच्या सावल्यांत मिसळून गेली असती. पाय बधिर झाले. अंगातला रक्ताचा थेंब न् थेंब तिला सांगत होता, उतर, पळ, वर जा, हाका मार. तिनं हाकाही थोड्याच मारल्या. वारा तिच्याकडूनच वर वाहत होता की उलटा, हे तिला कळेना. दात घट्ट आवळून ती रानाच्या काळ्या कडेकडे बघत राहिली आणि मनातल्या मनात देवीला म्हणाली, तुझी बारा आहेत. माझा एक आहे. तुला लाज वाटू दे.

निशिवाकि स्कीची काठी टेकत आला आणि निमूटपणे जाळात फांद्या टाकत राहिला.

मग रानाच्या कडेची एक काळी रेघ हलली. आधी तिला वाटलं झाडच. मग ती रेघ झाडातून सुटली, बर्फात पडली, उठली, धावायला लागली, डाव्या पायावर जोर न देता.

शुहेई शिडीखाली येऊन थांबला. धापा टाकत त्यानं वर बघितलं. मग तो ओरडला, "खाली उतर!"

"उतरता येत नाहीये," इसोको म्हणाली. "गुडघे धरलेत."

त्यानं वर चढून तिला कमरेला धरलं आणि खाली घेतलं. जमिनीवर आल्यावरही सोडलं नाही. "त्या घळीत झाडाखाली खड्डा दिसला," तो म्हणाला. "करवतीनं तोडलेल्या फांद्या. तुझीच करवत, मी कट ओळखतो. आणि आत कुणी नाही. मी हातानं उकरत होतो आई, मला वाटलं तू खाली..."

इसोकोनं दिवसभर त्याला काय काय सुनवायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकच उरलं. "त्या खड्ड्यात हे साहेब होते," ती निशिवाकिकडे हात करत म्हणाली. "तू माणूस एकटा सोडलास."

शुहेईनं निशिवाकिकडे बघितलं. मग त्याच्यापुढे कमरेत पार खाली वाकला आणि तसाच राहिला. निशिवाकिनं त्याला खांद्याला धरून उठवलं. तो म्हणाला, "तुमच्या आईनं मला मुळ्यासारखा उपटला."

शुहेईनं दाइगोला फोन केला. वरचा भोंगा बंद झाला आणि एकदम सगळं शांत वाटायला लागलं. निशिवाकिला लॉजवर सोडायला शेजारी गाडी घेऊन आला. मायलेक बागेतून घराकडे चालायला लागले, ती त्याच्या खांद्यावर भार टाकून. वाटेत ती म्हणाली, "सान्सुकेपुढे भाताचा गोळा ठेवला होता."

"मी खाल्ला. शोधता शोधता. ठेवून यायला मन झालं नाही, आणि भूकही लागली होती."

"बरं केलंस."

दारात आल्यावर त्यानं बूट काढले, तिचे काढले. मग जाकिटाची चेन उघडली. आत, छातीशी, निळ्या चौकड्यांच्या रुमालात बांधलेला सान्सुके होता. शुहेईनं तो जोड्यांच्या कपाटावर ठेवायला हात उचलला, मधेच थांबला, आणि पुन्हा काखेत धरला.

आतून ताकेआजीचा आवाज आला. "कोण ते? किती जण आलात?"

"तिघं आलोय, आजी," शुहेई म्हणाला, आणि बाहुल्याला घेऊन स्टोव्हजवळ आत गेला.